पोपटाने टोचलेला पेरू

पुणे,
१८ जून १९९५

प्रिय यशू,

सप्रेम नमस्कार. अण्णांना आणि आईंना माझा जयभीम सांग.

"मैत्रिणीचं लग्न झालं की ती मेली असं समजायचं," हे तुझंच वाक्य. तर ही मेलेली मैत्रीण वर्षभराने पत्र लिहिते आहे, घाबरू नकोस. काम आहे म्हणून लिहिते आहे, हेही आधीच सांगते, नाहीतर दुसऱ्या ओळीला तू ओळखशीलच.

ह्यांच्या मावशींचं इथे महिला मंडळ आहे. हातकागदाची शुभेच्छा कार्डं करतात, वर हाताने चित्र काढतात आणि दिवाळीच्या आधी प्रदर्शनात विकतात. मी तुझ्याबरोबर नगरला ए.टी.डी. केलंय, चित्रकला शिकवायचा डिप्लोमा आहे माझ्याकडे, हे मावशींना कळलं, तेव्हापासून रोज एक गठ्ठा माझ्यापुढे येऊन पडतो. फुलं मी कशीबशी उरकते. पण यंदा त्यांना जलरंगातली फळं हवीत, आणि माझ्या फळांचं काय होतं ते तुला माहीत आहे. सरांनी माझा टोमॅटो वर्गात उचलून धरला होता, "हा चेंडू कुणाचा हरवलाय?" मी चमक सोडायला विसरायचे आणि मग वरून पांढरा पोस्टर कलर थापायचे. "जलरंगात पांढरं लावायचं नसतं, कागदाचं पांढरं राखायचं असतं," असं सर दोन वर्षं ओरडले. मला नाही जमलं. तुला पहिल्या आठवड्यात जमलं.

म्हणून एस.टी.च्या पार्सलने कोरी कार्डं पाठवते आहे. तू फळं काढ. पुढच्या बाजूला सही मात्र करू नकोस, मंडळाचा तसा नियम आहे. मागच्या बाजूला रबरी शिक्का असतो, त्यात चित्रकाराचं नाव घालू. तुझं नाव पुण्यातल्या घराघरांत जाईल, बघच.

तुझी,
भारती


पुणतांबा,
२ जुलै १९९५

प्रिय भारती,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं म्हटल्यावर आई म्हणाली, "भारती व्हय? चांगली पोरगी हुती. भाकरी लई खायची." आमच्याकडे तुझी कीर्ती ही अशी आहे.

मी सध्या एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. पगार अनुदान आल्यावर, आणि अनुदान कधी येणार ते देवाला विचारायची सोय आमच्याकडे नाही. पोरं 'ड्रॉइंगच्या बाई' म्हणून हाक मारतात, सध्या तोच पगार. त्यामुळे तुझं पार्सल आलं त्या दिवशी मी शाळेतून पळत घरी आले, खोटं कशाला सांगू.

पहिली जांभळं काढली. आईने पानासकट झुबका आणून दिला. मी पाणी घ्यायला उठले तेवढ्यात पंकजने मॉडेल खाऊन टाकलं. माझा धाकटा भाऊ, बँकेत लागलाय श्रीरामपूरला, तरी अक्कल तीच. उरलेली आठवून काढली. जांभळाला काळा रंग लावायचाच नाही. निळा ओला असताना त्यात किरमिजी सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. हातकागद पाणी फार पितो, पण दोन कार्डं वाया गेल्यावर त्याचा स्वभाव कळला.

मग पेरू. आई अजून बागेत पेरू निवडायला जाते. अण्णांची रेल्वेची पेन्शन आहे, जायची गरज नाही, पण तिला घरी बसवत नाही. पोपटाने टोचलेली फळं व्यापारी घेत नाही, ती बायका पदरात घालून आणतात. आई म्हणते, "पोपटाला कळतं, मानसाला न्हाई. टोचलेलं फळ लई ग्वाड." म्हणून मी एक टोचलेलाच पेरू काढलाय, आतला गुलाबी गर दिसतो असा. सगळ्यांत चांगलं कार्ड ते झालंय.

नाव पूर्ण घाल. यशोधरा सोपान त्रिभुवन, ए.टी.डी. मधलं अण्णांचं गाळू नकोस. रेल्वेच्या रुळांवर गँगमनकी करून त्यांनी मला नगरला ठेवलं, तेव्हा स्टेशनातली माणसं हसायची, सोपान्या पोरीला चित्रं शिकवतोय म्हणून. त्या माणसांना ते कार्ड दाखवायचंय.

तुझी,
यशोधरा


पुणे,
२० ऑगस्ट १९९५

प्रिय यशू,

तुझी जांभळं पाहून मावशींच्या तोंडून 'अय्या' निघालं. त्यांच्या तोंडून सहसा 'बरं' याच्यापुढे काही निघत नाही, तेव्हा समजून घे.

फक्त तो टोचलेला पेरू परत पाठवते आहे. मला आवडला गं, पण मंडळातल्या बायका म्हणाल्या, शुभेच्छांच्या कार्डावर किडकं फळ कसं चालेल? त्यांना पोपटाचं कोण समजावणार. तू आपली अख्खी फळं काढ. सीताफळं येतील ना आता?

नावाचं मी बोलले. शिक्का लहान आहे आणि नाव लांबलचक. जागा पुरत नाही म्हणतात. बघते काय करता येतं ते.

अजून एक. मावशींना तुझी माहिती हवी आहे. घरी कोण, वडील काय करायचे, आई काय करते, गाव कसं आहे. सविस्तर लिही. त्यांना परिचय तयार करायचा आहे.

तुझी,
भारती


पुणतांबा,
१० सप्टेंबर १९९५

प्रिय भारती,

सप्रेम जयभीम.

किडकं! आईला हे सांगितलं नाही, नाहीतर ती पुढच्या गाडीने पुण्याला येऊन तुमच्या मंडळाला पेरू निवडायला शिकवेल.

परिचयाची माहिती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. तीनदा लिहिली, खरं सांगते. आधी फार फुगवून झाली, मग फार कोरडी. अण्णांनी शेजारी बसून दुरुस्त्या सांगितल्या. "लिव्ह, मनमाड-दौंड लायनीवर एक बी अपघात आमच्या गँगच्या चुकीनं न्हाई झाला." तेही घातलंय, मावशींनी हवं तर काढावं. आईचं, ती बागेत जाते, तिला वाचता येत नाही पण रंग माझ्यापेक्षा बरे कळतात, हे लिहिलंय. परवा सीताफळ पाहून म्हणाली, "खवल्याच्या मदी पिवळं घाल, न्हाईतर कच्चं वाटल." घातलं आणि फळ पिकलं.

सीताफळांचा गठ्ठा सोबत आहे. एकेका खवल्याची वरची कड कोरी राखलीय. डोळे गेले, पण सरांनी पाहिलं असतं तर वर्गभर फिरवलं असतं. तेच सीताफळ एका मोठ्या कागदावर माझ्यासाठीही काढून ठेवलंय.

जागा पुरत नसेल तर 'ए.टी.डी.' बारीक अक्षरात घाला. आणि तयार झालेलं एक कार्ड मला पाठव. एकच पुरे.

तुझी,
यशोधरा


पुणे,
१६ ऑक्टोबर १९९५

प्रिय यशू,

फार घाईत लिहिते आहे. प्रदर्शन चाललंय. तुझी कार्डं हातोहात गेली. लोक उलटून मागचं वाचतात, पुन्हा चित्र बघतात आणि चार-चार घेतात. तुझ्यासाठी एक बाजूला ठेवलं होतं, तेही कुणीतरी उचललं. रागावू नकोस.

नवीन वर्षासाठी अजून हवीत, पण एक सूचना आहे. जरा साधी काढ. इतकी सफाई नको. छाया कमी, कड थोडी वेडीवाकडी, रंग इकडे तिकडे गेला तरी चालेल. फार शिकलेल्या हातासारखं वाटतं, असं मावशी म्हणाल्या. हल्ली लोकांना साधं आवडतं.

दिवाळीला माहेरी कोपरगावला यायचं जमणार नाही. सासरी पाहुणे आहेत.

तुझी,
भारती


पुणतांबा,
१९ नोव्हेंबर १९९५

प्रिय भारती,

सप्रेम जयभीम.

तुमच्या पुण्याची फॅशन काही कळत नाही बाई. दोन वर्षं सरळ रेघ यावी म्हणून आपण बोटं मोडून घेतली, आता वाकडी हवी. मी वाकडी काढायला बसले, तर येईना. हात ऐकतच नाही, फळ आपोआप गोल होतं. शेवटी कुंचला डाव्या हातात धरला. तेव्हा कुठे तुमच्या मावशींना आवडेल अशी बोरं निघाली. पंकज म्हणाला, "ताई, हे कुणी काढलं, शेजारच्या बारक्यानं?" पण लोकांना आवडत असेल तर असो. मोठे चित्रकारही मुद्दाम लहान मुलांसारखं काढतात असं सर सांगायचे, तसंच काही असेल.

आता माझी गरज ऐक. राहात्याच्या बाजूला एका अनुदानित शाळेत ड्रॉइंग टीचरची जागा निघालीय. खरी, पगाराची. मुलाखत जानेवारीत आहे. तिथे 'प्रकाशित काम' असा एक रकाना आहे. माझं नाव असलेलं कार्ड दाखवता आलं तर फार फरक पडेल गं. लोक मागचं वाचून कार्ड घेतात असं तू लिहिलंस, ते अण्णांना वाचून दाखवलं. त्या दिवशी अण्णा उगाचच स्टेशनावर चक्कर मारून आले.

एक कार्ड पाठव. विसरू नकोस.

तुझी,
यशोधरा


पुणे,
१५ डिसेंबर १९९५

प्रिय यशू,

बोरं पोचली. मावशी एकदम खूश. हेच हवं होतं म्हणाल्या.

कार्ड पाठवते, नक्की. इथे गठ्ठे थेट कंपन्यांना आणि बँकांना गेले, हातात काही उरलं नाही.

आणि एक आनंदाची गोष्ट. जानेवारीअखेर मोठं प्रदर्शन आहे. मावशींची इच्छा आहे की तू यावंस आणि लोकांसमोर बसून फळं रंगवावीस. येण्याजाण्याचा खर्च मंडळ करेल, राहायला आमच्याकडे. फक्त नवीन साडी वगैरे घेऊ नकोस. आईंचं जुनं लुगडं असेल तर तेच नेस, तिथे शोभून दिसेल. आणि फार बोलायचं नाही, विचारलं तर हसायचं. बाकी मी आहेच.

तुझी,
भारती


पुणतांबा,
४ जानेवारी १९९६

भारती,

तुझं कार्ड मिळालं. तू पाठवलं नाहीस तरी मिळालं.

पंकजच्या बँकेत पुण्याच्या मोठ्या ऑफिसातून नवीन वर्षाची शुभेच्छापत्रं आली. त्यात माझं सीताफळ होतं. पोरगा सायबाच्या टेबलावरून ते मागून घेऊन आला, दारातूनच ओरडत. "आई, ताईचं कार्ड! बँकेत आलं!" आईने हात पुसून ते घेतलं. पिवळं बघितलं, तिने सांगितलेलं. मग अण्णांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "आन हिकडं. मागं नाव हाय म्हन."

त्यांनी बोट ठेवून वाचलं. मोठ्याने सुरुवात केली, पुढे नुसतं बोट सरकत गेलं. तुला पाठ असेल, तरी लिहिते, माझ्या अक्षरात कसं दिसतं ते बघ:

'हे कार्ड ग्रामीण भागातील निराधार, अशिक्षित दलित भगिनींनी स्वतःच्या हातांनी रंगविले आहे. आपली खरेदी म्हणजे त्यांच्या चुलीला आधार.'

एवढ्या मजकुराला जागा पुरली. माझं नाव तेवढं लांबलचक झालं.

अण्णांनी चष्मा काढला आणि मला हळूच विचारलं, "यशे, आमी दोगं जित्ती असताना तू निराधार कवा झाली गं?"

उत्तर तुला सुचलं तर कळव.

आई विचारत होती, "काय लिवलंय? नाव हाय ना पोरीचं?" शेवटी पंकज म्हणाला, "हाय, आई. नाव हाय." तिने ते कार्ड बुद्धाच्या मूर्तीपुढे नेऊन ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला दाखवते. ज्यांना वाचता येतं त्यांच्यापुढे मी कार्ड उलटू देत नाही.

आता सगळं कळलं. सफाई नको होती, कारण अशिक्षित बाईच्या हाताला सफाई कुठून येणार? लुगडं हवं होतं, कारण निराधार बाई चांगली साडी कशी नेसेल? बोलायचं नव्हतं, कारण बोलले की शिकलेली आहे हे कळलं असतं. आणि मी मूर्ख, डाव्या हाताने बोरं काढत बसले आणि त्याला फॅशन समजले. परिचय म्हणून जो कागद तीनदा लिहिला, त्यातून तुम्ही काय निवडलंत? आईला वाचता येत नाही आणि ती बागेत जाते, एवढंच. अण्णांची लाइन, पेन्शन, माझा डिप्लोमा, सगळं फेकून दिलंत.

मला तुझा राग आला आहे. मावशी मला ओळखत नव्हत्या. तू ओळखत होतीस. तू आमच्या घरात जेवली आहेस.

यशोधरा


पुणे,
१४ जानेवारी १९९६

प्रिय यशू,

तिळगूळ पाठवते आहे. गोड बोलायची इच्छा असेल तर खा.

तुझं पत्र वाचून मी रडले. पण मग विचार केला, एवढं लिहिण्यासारखं झालं तरी काय? मावशींना तुझं नाव मी सांगितलं होतं, शपथेवर. त्या म्हणाल्या, डिप्लोमावाली आहे म्हटलं की लोक भाव करतात. निराधार म्हटलं की करत नाहीत. हे त्यांचं म्हणणं, माझं नाही. पण मला त्याच घरात राहायचं आहे, यशू. मावशींपुढे ह्यांच्या आईसुद्धा बोलत नाहीत, मी कोण?

आणि माझ्या फुलांवरही तोच शिक्का पडतो. मीपण निराधार, अशिक्षित आणि दलित झाले त्या हिशोबाने. मी कुठे एवढं मनाला लावून घेतलं? तुम्ही लोक जरा लवकर दुखावता, हे मला आधीपासून वाटायचं, आज बोलून दाखवते. कुणाचं वाईट व्हावं म्हणून कुणी काही केलेलं नाही.

असो. प्रदर्शनाला तू आली नाहीस तरी चालेल. इथल्या वस्तीतल्या लंकाबाई म्हणून आहेत, त्या बसायला तयार आहेत. त्यांना चित्र येत नाही, पण कुंचला धरून बसतील. तू फक्त फळं पाठवत राहा, बोरांसारखी. तुझं कुठे नावच येणार नाही, म्हणजे तुला त्रास नाही.

राग सोड.

तुझी,
भारती


पुणतांबा,
११ फेब्रुवारी १९९६

भारती,

उरलेली कोरी कार्डं परत पाठवते आहे. तिळगूळ पंकजने खाल्ला.

तुझ्या फुलांवर तो शिक्का पडतो हे वाचलं. तुझ्यावर पडला की ती गंमत असते. तू संध्याकाळी घरी जाऊन हसू शकतेस, कारण भारतीबाई निराधार आहेत यावर कोण विश्वास ठेवणार? माझ्यावर पडला की लोकांना तो खरा वाटतो. कुणी विचारायलाही येत नाही. इतका फरक तुला कळत नसेल असं मी मानत नाही. तुला कळतं, आणि तू त्यावर पांढरा पोस्टर कलर थापते आहेस, टोमॅटोवर थापायचीस तसा.

मुलाखतीचं सांगते. मी माझं काम घेऊन गेले होते, वर ते मोठं सीताफळ. संस्थेच्या सेक्रेटरींनी ते बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आवडलं. त्यांनी टेबलाच्या काचेखालून एक कार्ड काढलं आणि शेजारी ठेवलं. तुमच्या मंडळाचंच, सीताफळाचं कार्ड. म्हणाले, "बाई, हात बरा आहे. पण नक्कल करू नये. हे बघा, खेड्यातल्या अडाणी बायांनी मनाने काढलंय. तुम्ही डिप्लोमा घेऊन त्यांचं उचलता?"

मी म्हटलं, हे माझंच आहे. त्यांनी कार्ड उलटं केलं आणि विचारलं, "यात तुमचं नाव कुठे आहे?"

मी म्हटलं, कागद आणि पाणी द्या, आत्ता इथे काढून दाखवते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मी अण्णांना एवढंच सांगितलं की नंबर लागला नाही. हल्ली ते संध्याकाळी स्टेशनाकडे जात नाहीत.

लंकाबाईंना माझा जयभीम सांग. त्यांच्यावर माझा राग नाही. पण कोरा कुंचला धरून त्यांना पुन्हा कधी लोकांसमोर हसायला बसवशील, तेव्हा एकदा त्यांच्या तोंडाकडे बघ. फळं मी पाठवणार नाही, उजव्या हाताचीही नाहीत आणि डाव्या हाताचीही नाहीत. पत्रही हे शेवटचं. मैत्रिणीचं लग्न झालं की ती मेली असं मी चेष्टेने म्हणायचे. चेष्टा चुकली.

तू ऑगस्टमध्ये परत पाठवलेला टोचलेला पेरू माझ्याकडे होता. त्याची मागची बाजू अजून कोरी होती, तुमचा शिक्का त्यावर पडायचा राहिला होता. काल तो काढला, बारीक कुंचल्याने मागे लिहिलं आणि आईच्या सीताफळाच्या जागी बुद्धापुढे ठेवला. आईने दोन्ही कार्डं हातात धरून पाहिली. म्हणाली, "आता परत कशाला लिवलं? पयल्यावर हुतं की नाव." मी म्हटलं, यावर मोठ्या अक्षरात आहे. तिला ते पटलं.

तुमच्याच मापाचं कार्ड आहे ते, भारती. यशोधरा, मधे सोपान, मग त्रिभुवन, आणि खाली ए.टी.डी. सगळ्याला जागा पुरली.

यशोधरा सोपान त्रिभुवन